डाव्या हातातली तलवार

९ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या ॲनिमेशन मालिकेच्या अकराव्या भागाची लढाई माझ्याकडे आली. मिठाचं मैदान, मध्ये आटलेली नदी, दोन्ही काठांवर सैन्यं. संगणकात प्रत्येक सैनिकाला वेगळी चाल द्यायची – कोणी लंगडतो, कोणी लढाईआधीच घाबरलेला. टापांनी उडालेलं मीठ खाली बसायला किती वेळ घेईल, ते मी गणित मांडून ठरवलं. बैठकीत नमुना दाखवला. दिग्दर्शक कुगा-सान म्हणाले, "छान."

एवढंच. मग पाऊण तास ते हाताने चित्रं काढणाऱ्या इसोबेशी साएलच्या चेहऱ्याबद्दल बोलत होते.

साएल म्हणजे सेनापती रूएनाची बालमैत्रीण, आता उपसेनापती. दहा भाग ती रूएनाची ढाल होऊन जगली. अकराव्यात लढाई ऐन भरात असताना तिने तलवार उगारायची आणि खाली आणायची – तलवार खाली आली की राखीव घोडदळ सुटणार. ती उगारते. खाली आणतच नाही. समोर रूएनाची माणसं कापली जातात. ती का थांबते, ते संवादात नाही. चेहऱ्यावर दिसायला हवं. तो चेहरा इसोबे हाताने काढणार, मी तो माझ्या मैदानात बसवणार.

शेवटच्या भागाच्या लढाईची सगळी आखणी कोणाकडे द्यायची, ते कुगा-सान या भागाच्या पाहणीनंतर ठरवतील. मी किंवा इसोबे. मला ते काम हवं आहे. हे वाक्य मी इथेच लिहिते, कारण तोंडाने कधीच म्हणणार नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या मजल्यावर हाताने चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. शहाणीसुरती माणसं दिवसभर त्यात बघून रडतात, दात विचकतात, किंचाळतात – आवाज न करता! माझ्याकडे आरसा नाही. लागत नाही.

इसोबे माझ्या बरोबर समोर बसते. तिच्या आरशाची पाठ माझ्याकडे. त्या पाठीवर खरबुजासारख्या दिसणाऱ्या गोड पावाचं एक चित्र चिकटवलेलं आहे, कडेने सुटलेलं. आज ती पट्टी तलवारीसारखी उगारून बसली होती. थोडा वेळ उगारायची, मग पट्टी ठेवून पेन्सिल उचलायची.

वाकुरा-सान पिवळे कागद घेऊन चालल्या होत्या. त्या सगळ्यांची चित्रं तपासतात. चूक दिसली की पिवळा कागद वर ठेवून त्यावर सुधारून देतात. जाता जाता म्हणाल्या, "पोरी, आरशातला हात उलटा असतो हं! पहिल्या वर्षाच्या पोरी सगळे योद्धे डावखुरे काढतात."

"वाकुरा-सान, मला सहावं वर्ष आहे!"

"म्हणून तर सांगते. पहिल्या वर्षी निदान भीतीने तपासून तरी बघतात."

१२ नोव्हेंबर

इसोबेने आज काढलेले सगळे चेहरे चुरगळून टाकले. जेवण मला जास्त चवदार लागलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

इसोबे माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. घोडदळ नदी ओलांडतं तो तुकडा चालू होता.

"परत दाखवता?"

दाखवला.

"आणखी एकदा?"

"काही चुकलंय का?"

"छे! मला आठ माणसं पळवायची तर आठवडा जातो. तुम्ही अख्खं मैदान पळवता. आणि – तो मागचा बघा, तो दमलाय!"

"सगळेच दमतात. कोण किती लवकर दमणार, ते ठरवून दिलंय."

"दमणंसुद्धा?"

हसली नाही. तशीच जाऊन बसली. असलं कौतुक मला ठाऊक आहे. लोक भाताच्या कुकरचंही करतात – काय बाई, आपोआप होतो! पण जेवताना नाव आईच्या हाताचं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

झाला तिचा चेहरा. निम्मा मजला तिच्या टेबलाभोवती. वाकुरा-सान कितीतरी वेळ कागद हातात धरून होत्या. पिवळा कागद ठेवलाच नाही. "याला मी हात लावणार नाही," म्हणाल्या. अकरा भागांत त्यांनी हे कोणालाच म्हटलेलं नाही.

वेळापत्रक सांभाळणारे दोबाशी-सान माझ्याकडे वळून ओरडले, "सेगावा-सान, तुमच्या घोड्यांना सांगा, जरा गुपचूप मरा! आम्हाला साएलकडे बघायचंय."

मीही हसले. कुठे हसायचं ते मला कळतं.

गर्दी पांगल्यावर मी बघितला. राग नाही त्यात. रागाचा चेहरा कोणीही काढेल. खालचा ओठ एका बाजूने आत ओढलेला, हनुवटी सूतभर वर, आणि डोळे – डोळे मोजताहेत. समोरच्याकडे काय आहे आणि आपल्याकडे काय नाही. चांगला आहे. फार चांगला आहे. माझ्या मैदानावरचे सगळे सैनिक मिळून तो एक ओठ होत नाही!

तिला काही शिकावं लागलं नाही, असं मला सारखं वाटतं. मी सेन्दाईला अभियांत्रिकीत चार वर्षं घासली. ती आरशात बघते आणि होतं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

साएलला मैदानात बसवायला घेतलं, आणि दिसलं. तलवार डाव्या हातात आहे.

आधीच्या दृश्यात उजव्या, नंतरच्या दृश्यात उजव्या. म्यान डाव्या कमरेला. म्हणजे चूकच. वाकुरा-सानांनी सांगितलेली तीच – आरशातली. आणि त्या स्वतःसुद्धा चेहराच बघत राहिल्या. सगळेच चेहरा बघत राहिले.

कळवायला एक ओळ पुरे. वसंतात मी इसोबेचं एक चित्र पट्ट्याच्या एका चुकलेल्या बक्कलसाठी परत पाठवलं होतं. ओळ लिहिली. पुसली. परत लिहिली.

पुसली. जोडणी पूर्ण करून पुढे पाठवली.

२० नोव्हेंबर

अजूनही सांगता येईल.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पाहणी. अंधाऱ्या खोलीत सगळे. माझी सैन्यं नदीत भिडली तेव्हा खोली शांत होती – ती शांतता माझी होती, ती मी ओळखली. मग साएलचा चेहरा आला.

कोणीतरी श्वास घेतला. आणि दोबाशी-सान म्हणाले, "अरे, ही तर आपली सेगावा! बैठकीत अशीच बसते!"

खोली हसली. मीही हसायला गेले – आणि माझा खालचा ओठ आत ओढलेला होता.

"थांबवा," कुगा-सान. "मागे घ्या. आणखी. तलवार कुठल्या हातात आहे?"

हसू जागच्या जागी मेलं. इसोबे उठली आणि कमरेत वाकली. "चूक माझी आहे. सगळं पुन्हा काढते."

"पुन्हा काढते! रंगाची माणसं, मधली चित्रं भरणारी माणसं, सगळ्यांचा आठवडा गेला!" मग माझ्याकडे. "जोडणी तुझी ना? दिसलं नाही?"

"नाही."

वाकलेल्या इसोबेने मान थोडी वळवून माझ्याकडे बघितलं. बक्कल तिचं होतं. मला काय दिसतं आणि काय नाही, हे या इमारतीत तिच्याइतकं कोणाला माहीत नाही.

मग मान पुन्हा खाली घातली.

२५ नोव्हेंबर, बुधवार

मला लाज वाटायला हवी होती. मला संताप आला आहे! ती समोर बसून रोज माझ्याकडे बघत होती. माझा ओठ, माझी हनुवटी. आत काय चाललंय ते कोणाला कळू नये म्हणून मी जो चेहरा घालते, तोच तिने उघडा करून पडद्यावर टांगला. आणि वाहवा तिची!

डबाबंद कॉफीच्या यंत्रापाशी इसोबेला गाठलं. डोळे सुजलेले होते. सगळं नव्याने काढायला बसली आहे.

"माझा चेहरा घ्यायचा होता तर विचारायचं होतंस."

"तुमचा?" तिला खरंच कळलं नाही. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. डबा हातात फिरवत राहिली.

"सगळे म्हणताहेत. मीही बघितलं."

"हो... तुमचा." मान खाली. "तसंच समजा. माफ करा, सेगावा-सान."

तसंच समजा! म्हणजे काय?

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची लढाई माझी. कुगा-सान म्हणाले, "एवढी माणसं मैदानावर सोडायची तर ज्याच्या सैनिकांचे हात कधी चुकले नाहीत, असं कोणीतरी हवं." दोबाशी-सानांनी टाळ्या वाजवल्या. "सेनापती सेगावा! आता आम्हाला जरा कमी मारा!"

इसोबेही टाळ्या वाजवत होती. खालचा ओठ एका बाजूने आत.

घरी येताना ओगिकुबो स्टेशनाबाहेर सॅमन भरलेले भाताचे दोन गोळे, ओनिगिरी, घेतले. पिशवीतच राहिले.

२९ नोव्हेंबर, रविवार

मजल्यावर कोणी नव्हतं. मी इसोबेच्या खुर्चीत बसले, तिची पट्टी उजव्या हातात उगारली. आरशातल्या बाईने डाव्या हातात उगारली.

तिने साएल माझ्याकडे बघून काढली असती तर तलवार उजव्या हातात आली असती. चूक सगळ्यांत आधी मी बघितली, ती आरशातली आहे हेही मला माहीत होतं, आणि तरी एवढं मला दिसलं नाही. तो चेहरा माझा नव्हता. तिचा होता.

त्या आरशाच्या कडेवरून सरळ माझी खुर्ची दिसते. आणि माझ्या पडद्याची पाठ. आधी तिने तिकडे, माझ्याकडे बघायचं. मग आरशात, स्वतःच्या चेहऱ्याकडे.

उद्या सकाळी सगळ्यांत आधी कुगा-सानांकडे. "दिसलं होतं," एवढंच सांगायचं आहे.