परत आलेलं ताट

एटापल्ली
ता. २ मार्च १९८६

ती. बाबांस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. हे वाक्य आईला वाचून दाखवा, पुढचं तुम्ही एकट्याने वाचा.

संक्रांतीनंतर इथे आलो तेव्हा वाटलं, नवी जागा आहे, होईल सवय. पण सवय होत नाही. हे सकाळी तहसील कचेरीत जातात, नाहीतर दौऱ्यावर, म्हणजे घरात मी आणि घड्याळ. रेडिओ लावला तर खरखर. पेपर येतो तो शिळा. आपल्या वस्तीत, इंदोऱ्यात, नळावर भांडण तरी असायचं, इथे भांडायलाही कुणी नाही. दुपारी घरात नुसती येरझारा घालते, आल्लापल्लीची बस आली की उगाच दारात जाऊन उभी राहते. आपलं कुणी उतरणार नाही हे माहीत असतं, तरी जाते.

शेजारी रुखमा नावाची गोंड बाई आहे, माझ्याच वयाची, आणि तिची सासू सोमारी. दोघी रोज दुपारी येतात, दार न वाजवता. येऊन आमच्या ओट्यावर बसतात. बोलत काहीच नाहीत. मी बोलले तर हसतात. मग मनात येईल तेव्हा उठून जातात. पहिले काही दिवस मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलून बोलून थकले. आता त्या आल्या की तांदूळ निवडायला घेते.

अंगणात आंब्याचं मोठं झाड आहे. खाली कैऱ्यांचा सडा पडलेला असतो, कुणी हात लावत नाही. आपल्या गल्लीत असतं तर एव्हाना झाडाला पानही उरलं नसतं. अशी माणसं, बाबा. तुमच्या ओळखीचे ते साहेब आहेत ना, त्यांच्याकडे ह्यांच्या बदलीचा शब्द टाका. मला नागपूरला यायचं आहे.

आईला नमस्कार. बदलीचं विसरू नका म्हणजे झालं.
तुमची
विशाखा


नागपूर
ता. २० मार्च १९८६

चि. विशाखा हिस,
बाबांचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

पत्र आईला सगळंच वाचून दाखवलं. ती दाराआडच उभी होती, लपवून उपयोग नव्हता. ती म्हणते, पोरगी नळावरच्या भांडणाला आठवून रडून राह्यली म्हणजे तब्येत बरी आहे.

साहेबांना भेटतो. पण जयंतीची कामं अंगावर आहेत, तोवर धीर धर. शेजार जोडायचा तर बोलून जुळत नाही, ताट पाठवावं लागतं. आईने लोणच्याचा मसाला दिला आहे, जावईबापूंच्या कचेरीतल्या एका गृहस्थाबरोबर पाठवतो. झाडाखाली कैऱ्या पडल्याच आहेत तर घाल लोणचं आणि वाट.

त्यात दुसरंही कळतं. गिरणीत नवा लागलो तेव्हा शेजारच्या खोलीतल्या माणसाला तुझ्या आजीच्या हातचे लाडू दिले होते. त्याने हसून घेतले आणि माझ्यादेखत गाईपुढे टाकले. तेव्हापासून नव्या जागी मी आधी ताट पाठवतो. माणूस कोण आहे ते लगेच समजतं.

जावईबापूंना जयभीम. जेवत जा वेळेवर.
तुझे
बाबा


एटापल्ली
ता. १८ एप्रिल १९८६

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

ताट पाठवलं. परत आलं.

जयंतीच्या दिवशी हे दौऱ्यावर होते. आपल्या लोकांची इथली घरं बाजाराच्या पलीकडे आहेत, तिथे संध्याकाळी जायचं होतं. सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला, पुऱ्या तळल्या, आईच्या मसाल्याचं ताजं लोणचं वाढलं आणि ताट घेऊन रुखमाकडे गेले. ती दारातच होती. ताट पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. सोमारी आतून आली, ताटाकडे बघून चार पावलं मागे सरली आणि म्हणाली, "आमी नाई घेत, बाई. घेऊन जा." पुरीसुद्धा नाही. आदल्याच दिवशी मी त्यांच्या घरची आंबील प्यायले होते.

मला ब्रह्मांड आठवलं. हारासाठी सकाळपासून दार सताड उघडं होतं. तसबीर रस्त्यावरून दिसत होती. त्यांना आता कळलं असणार आपण कोण ते. मी अंगणात आले आणि ताट त्यांच्या डोळ्यांसमोर कोंबड्यांपुढे उपडं केलं. बरणीही रिकामी केली. त्या दिवसापासून दोघी ओट्यावर येत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मान खाली घालतात.

बाबा, इंदोऱ्यात आपल्याच लोकांत वाढल्यामुळे हे मी फक्त तुमच्याकडून ऐकलं होतं. ऐकणं वेगळं. तो रिकामा ओटा आता मला बघवत नाही. मला घेऊन जा.

विशाखा


नागपूर
ता. २३ एप्रिल १९८६

चि. विशाखा,
जयभीम.

पत्र काल मिळालं. वाचून तसाच उठून बाहेर पडलो, म्हणून उत्तर आज लिहितो. ज्या दारातून आपलं ताट परत येतं त्या दाराशेजारी माझी लेक राहणार नाही. साहेबांना भेटलो, बदलीचा शब्द मिळाला आहे. मी पुढच्या आठवड्यानंतर निघतो. जावईबापू मागून येतील. सामान बांधून ठेव.

कुणाशी बोलू नकोस. आपल्याला कुणाकडून खुलासा नको.

तुझी आई मात्र वेगळंच धरून बसली आहे. म्हणते, "तिले म्हणा, आधी विचार तरी, काऊन नाई घेतलं ते." मी म्हटलं, माझ्या लाडवांच्या वेळी मी काय विचारायला हवं होतं? तर म्हणते, त्या माणसाले विचारायची गरज नव्हती, त्याचं तोंडच सांगत होतं. या बायांची तोंडं कशी होती ते पोरीले विचारा. तिने सांगितलं म्हणून लिहिलं. माझं मत वर दिलंच आहे.

बाबा


एटापल्ली
ता. १ मे १९८६

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून कचेरीतल्या माणसाबरोबर नागपूरला पाठवते आहे.

सामान बांधत होते, पण आईचा प्रश्न काही मनातून जाईना. त्या बायांची तोंडं कशी होती? आठवून पाहिलं तर घाबरलेली होती. किळस नव्हती. शेवटी परवा उठले आणि त्यांच्या दारात जाऊन विचारलं, काऊन नाही घेतलं ताट?

रुखमाने आधी सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमचा पंडुम नाई झाला होता ना, बाई. देवाले देल्याबिगर नवा आंबा आमी तोंडात नाई घालत. तुमी तं खाऊन बसल्या होत्या. तुमाले कसं सांगावं?"

पंडुम म्हणजे त्यांचा नव्या फळाचा सण. तो होईपर्यंत आंब्याला कुणी शिवत नाही, म्हणून तर झाडाखाली सडा. माझ्या पुऱ्यांना लोणचं लागलं होतं. घरात नवी कैरी कापलेली, म्हणून ओट्यावर येणंही बंद. तसबीर कुणाची हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. सोमारीला वाटायचं, माझ्या सासऱ्यांची असेल. मी सांगितलं कुणाची ते. त्यांनी ऐकून घेतलं.

पुढचं ऐकून तुम्ही रागवाल, तरी सांगते. मी नकळत खाल्लं, मला काही बाधू नये म्हणून सोमारीने पंडुमाच्या दिवशी माझ्या नावाने देवापुढे वेगळं अंडं ठेवलं. आपण देवाधर्माचं काही मानत नाही, हे मी तिला म्हणू शकले नाही. माझ्याशी बोलणं बंद होतं तेव्हा ती हे करत होती.

आणि सगळ्यात वाईट हे, की पंडुम झाल्यावर त्या लोणचं मागायला येणार होत्या. आल्या नाहीत, कारण मी ते त्यांच्यादेखत कोंबड्यांना टाकलं होतं. सोमारी म्हणाली, "आमाले वाटलं, बाईले आमचा राग आला. आता नाई देणार." बाबा, तुमच्या लाडवांचं जे झालं ते इथे मीच केलं. मला फार रडू आलं. त्या दोघी नेहमीसारख्या गप्प बसून राहिल्या.

करमायला लागलं असं समजू नका. दुपारी जीव अजून कासावीस होतो, बस आली की अजून दारात जाते. पण काल नव्या कैऱ्या तिघींनी मिळून कापल्या. आईचा मसाला उरला होता तेवढ्यात निम्म्याच झाल्या. लोणचं मुरेपर्यंत तरी मला इथून हलता येणार नाही. तोवर बदलीचं काही बोलू नका, पुढचं पुढे बघू.

आईच्या पाया पडते.
तुमची
विशाखा


नागपूर
ता. ६ मे १९८६

चि. विशाखा हिस,
बाबांचा जयभीम व आशीर्वाद.

साहेबांना थांबा म्हणून सांगून आलो. ते म्हणाले, तिकडून सुटायला लोक माझ्या पाया पडतात, तुम्ही शब्द परत करायला आलात? मी म्हटलं, पोरीचं लोणचं मुरायचं आहे. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

तिकीट काढलेलं आहे, तेव्हा येतो मात्र नक्की. न्यायला नाही, मसाला द्यायला. अंड्याबद्दल रागावलो होतो. आईला म्हटलं, आपल्या पोरीच्या नावाने देवापुढे अंडं? तर ती म्हणाली, देव राहू द्या, अंडं कोणी ठेवलं ते पाहा. मग मी पिशवी घेऊन मसाल्याचं सामान आणायला गेलो.

आईला यंदा डिंकाचे लाडू करायला सांगितले आहेत. उन्हाळ्यात डिंकाचे लाडू कोण खातं, म्हणून ती ओरडते आहे. पण तुझी आजी तेच करायची. सोमारीबाईंना आधी विचारून ठेव, चालतील का. आणि नाही म्हणाल्या तर काऊन, तेही विचार. मी ओट्यावर थांबेन.

तुझे
बाबा