कापण्याआधी भाव सांगण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वैधमापन शास्त्र कार्यालय, ठाणे.

अर्जदार : सौ. चंद्रभागा गुणाजी कोळी, वय ५८, मासळी विक्रेत्या, कोळीवाडा, ठाणे.
लेखनिक : शिवराम तांबे, निवृत्त टाइमकीपर, वागळे इस्टेट (अर्जदाराचे शेजारी).

विषय : इस्पितळाच्या दराचा काटा तपासून त्यावर शिक्का मारणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या काट्यावर आपण यंदा मारलेला शिक्का.

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, हा अर्ज चुकीच्या कार्यालयात जात आहे, हे लेखनिकाने अर्जदारास तीन वेळा सांगितले. बाई ऐकत नाहीत. मापात लबाडी होऊ नये म्हणून सरकार ज्याला पगार देते, असा एकच साहेब त्यांनी आयुष्यात पाहिला आहे, आणि तो म्हणजे आपण. गेल्या साली त्यांचे एक किलोचे वजन चार ग्रॅम कमी भरले म्हणून आपण त्यांना दंड केला होता. तो दंड बाईंना अजून झोंबतो, पण त्यामुळेच त्यांचा आपल्यावर भरवसा आहे.

१. अर्जदाराचे पती गुणाजी, वय ६३, हे जेटीवर शेवाळावरून घसरले व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यांना घोडबंदर रोडवरील एका खासगी इस्पितळात नेले. काउंटरवरील मुलीने ऑपरेशनचा खर्च 'अंदाजे सत्तर हजार' सांगितला, म्हणून बाईंनी होकार दिला. घरी सोडताना बिल निघाले दोन लाख अठरा हजारांचे. विचारणा करता "अंदाजे म्हणजे अंदाजे, आजी" असे उत्तर मिळाले. बाईंच्या पाटल्या गेल्या, होडीचे इंजिनही गेले.

२. यावर बाईंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहावे, असा त्यांचा हट्ट आहे : "सुरमई कापाच्या आधी भाव सांगाचा. एकदा सुरी लागली का गिऱ्हाईक जाल कुठं? आमी कोळणी भांडखोर हाव, पन कापल्यावर भाव वाढवत नाय." लेखनिक तीस वर्षे त्यांच्याकडून मासळी घेतो. बाई भांडखोर आहेत आणि बोलतात ते खरे आहे.

३. आता त्या ऑपरेशनात खुब्यात बसवलेला स्क्रू सैल झाला आहे. पंधरा दिवसांत पुन्हा उघडावे लागेल, नाहीतर पाय कायमचा जाईल, असे डॉक्टर म्हणतात. खर्च विचारला तर 'उघडल्यावर कळेल'. बाईंनी ठाकुर्लीला विचारले, कल्याणला विचारले. दोन्हीकडे आकडे निराळे, पण पुढचा शब्द तोच, अंदाजे. सरकारी रुग्णालयात नंबर लागतो तो पावणेदोन महिन्यांनी. इस्पितळात दरांचा फलक असतो असे ऐकून लेखनिक स्वतः पाहून आला. फलक आहे. त्यावर खाटेचा दर आहे, केसपेपरचा आहे. सगळ्यात खाली 'इतर खर्च वेगळा' अशी बारीक ओळ आहे. बाईंच्या पाटल्या आणि इंजिन त्या ओळीत गेले.

४. किलोमागे चार ग्रॅम कमी भरले तर दंड होतो. मग सत्तर हजारांचे दोन लाख अठरा हजार भरले, तर किती ग्रॅमचा फरक धरावा? कारखान्यात चौतीस वर्षे लोकांच्या हजेरीची मिनिटे मोजूनही लेखनिकाला हे गणित सुटलेले नाही.

५. गुणाजी दारातल्या खाटेवर पडून असतात. बाई बाजारातून आल्या की ते रोज त्यांना विचारतात, "भाव समजला काय?" आपल्याच पायाचा भाव विचारतात, साहेब. बाई नाही म्हणाल्या की "मंग रव्हं दे" म्हणून कूस बदलू पाहतात, तीही बदलता येत नाही. मधली भिंत पातळ आहे, लेखनिकाला सगळे ऐकू येते. फार वाईट वाटते.

सबब विनंती की, साहेबांनी एकवार इस्पितळात जाऊन तेथील 'अंदाज' कोणत्या वजनाने मोजतात ते तपासावे. खर्चाच्या संमतीपत्रावर रकमेपुढे जागा कोरी आहे, तेथे एक आकडा लिहवून घ्यावा व खाली आपला शिक्का मारावा. आकडा मोठा असला तरी चालेल. मोठ्या आकड्यासाठी काय विकायचे ते बाई बघतील. आकडाच नसेल तर काय विकावे, हे त्यांना कळत नाही. आकडा मिळेपर्यंत अंगठा द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,
(डावा अंगठा) सौ. चंद्रभागा गुणाजी कोळी
ठाणे, दि. १२ नोव्हेंबर २०२५

ता.क. : दि. १४. अर्ज पाकिटात घालायच्या आधीच गुणाजींना हुडहुडी भरून ताप आला व पाय सुजला. बाई त्यांना रिक्षाने त्याच इस्पितळात घेऊन गेल्या. रकमेची जागा कोरीच होती. बाईंनी अंगठा दिला. सबब वरील विनंती आता लागू राहिलेली नाही. तरीही अर्ज धाडावा, असा त्यांनी तिथून निरोप पाठवला आहे.

सोबत :
१. मागील बिलाची झेरॉक्स, पाने अकरा.
२. अर्जदाराचे एक किलोचे वजन. तपासून लवकर परत करावे, बाईंना बाजारात बसावे लागणार आहे.
३. संमतीपत्राची प्रत. अंगठा : आहे. रक्कम : उघडल्यावर कळेल.