चांगुणाबाईंचं पान

प्रिय दीपा,

आजीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस. मी सगळं सांगून टाकलं. रागव, पण पुढचं वाचून झाल्यावर. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून ही लिहायची खटपट.

आमचं बरं चाललंय. श्रीरामपुरात ऊन मरणाचं आहे, आणि तुझ्या दादाने दुरुस्त केलेला कूलर वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देतो. बहीण जर्मनीत काय शिकवते, असं लोक त्याला विचारतात. रोमन साम्राज्याच्या उतरणीचा काळ, एवढं सांगून तो थांबतो, कारण पुढचं त्याला येत नाही. मला येतं. शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून नाही, तुझी पुस्तकं मी हट्टाने वाचली आहेत. ग्रीक आणि इजिप्तची जुनी कॉप्टिक भाषा शिकून या मुलीने पहिलं पुस्तक लिहिलं कशावर, तर इजिप्तमध्ये सरकारी धान्य वाहणाऱ्या गाढववाल्यांवर. मी हसले होते. मग वाचत गेले आणि हसू थांबलं. सगळे सम्राटांच्या आणि बिशपांच्या मागे धावत असताना तू तो माणूस शोधून काढलास, ज्याचं गाढव पुरात वाहून गेलं आणि सरकारचा सारा मात्र चुकला नाही. दुसरं पुस्तक लग्न न करता बापाच्या घरीच व्रताने राहणाऱ्या बायकांवर आलं, तेव्हा आत्यांनी तुझ्यासाठी स्थळं बघणं सोडलं. त्यातली एखादी बाई आपल्याच गल्लीत राहते की काय, असं मला अजून वाटतं. तुझा फार अभिमान वाटतो. हे तोंडावर बोलत नाही, नणंदेला डोक्यावर चढवू नये म्हणून.

तिसऱ्या पुस्तकाचा मसुदा एका बैठकीत वाचला. गावांनी नवा धर्म घेतला, तेव्हा घरातल्या जुन्या देवांचं काय झालं? भिंतीत, विहिरीत, उंबऱ्याखाली फडक्यात नीट गुंडाळलेल्या मूर्ती सापडल्या, आणि मोठमोठे अभ्यासक म्हणाले, भीतीने लपवल्या. तू म्हणालीस, हे लपवणं नव्हे, हा निरोप आहे. हे सुचलं कुठून, तेही तू पहिल्याच पानावर लिहिलंस. धम्मदीक्षेनंतर आजीच्या वडिलांनी, रंभाजीआबांनी, देव्हाऱ्यातले टाक, ते आकृती ठोकलेले धातूचे लहानसे पत्रे, फडक्यात बांधून बेलापूरला प्रवरेत सोडले आणि काठावर लहानगी चांगुणा, म्हणजे आपली आजी, रडली. आता तेच पान तू काढायला निघालीस. आपल्या माणसांनी ताठ मानेने जुनं सोडलं, आणि मी जगाला दाखवणार काय, तर देवांसाठी रडणारी मुलगी, हे तुझं म्हणणं. तुझी भीती मला कळते. दादालाही ते पान नको आहे. पण जिची गोष्ट आहे तिलाच विचारायचं नाही, हे मला पटेना.

रविवारी दुपारी आजी लसूण सोलत बसली होती. तिला ते पान मराठीत वाचून दाखवलं. हात न थांबवता तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आबांनी केलं ते लई बरं केलं. पन मी देवासाठी न्हाई रडले. त्यात माझ्या आईचा टाक हुता." घरातलं माणूस गेलं की त्याचाही टाक करून देवांत बसवत, हे मी माहेरी ऐकलं होतं, पण त्या फडक्याशी कधी जोडलं नव्हतं. तूही नाही. आजी चालायला लागायच्या आधीच तिची आई गेली. मागे फोटो नाही, काही नाही. आजी त्या टाकाशी बोलायची, शाळेतलं सांगायची. आबांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि देवांबरोबर न बांधता, मुंडाशाचा तुकडा फाडून वेगळा गुंडाळला. मग तोही पाण्यात सोडला.

तुझ्या चौथ्या प्रकरणात असंच एक घर आहे. उंबऱ्याखाली देव एकत्र ठेवलेले, आणि जरा बाजूला, निराळ्या कापडात, एक लहानशी बाई. ही देवी कोणती याची ओळख पटत नाही, असं तू लिहिलं आहेस. मी आजीला ते सांगितलं. तिने पहिल्यांदाच मान वर केली. "देवीच कशावरून?" एवढंच म्हणाली.

म्हणून लिहिते आहे. पान काढू नकोस, दुरुस्त कर. आजीची परवानगी आहे, तिचं नाव घालायलाही. फक्त तिच्या आईचं नावही यायला पाहिजे म्हणते. ते आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, दादाला नाही, मामंजींनाही नाही. मला नीट ऐकू आलं की नाही म्हणून तिने ते दोनदा सांगितलं. दगडाबाई.

तुझीच,
सायलीवहिनी