दुर्बिणीतला सुलटा खलाशी

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं आणि तुझ्या शेजाऱ्यांनी ऐकायचं. म्हणून हे पत्र. सुखरूप पोचले, रुजू झाले. हॉस्टेल स्वारगेटच्या इतकं जवळ आहे की एसटीचे हॉर्न उशाशी वाजतात. जेवण बरं आहे, फक्त आमटीत गूळ घालतात.

मी सरकारी कनिष्ठ अभियंता झाले हे अजून खरं वाटत नाही. ट्रेनिंग संपलं की मला एकटीला तीन जणींचं काम मिळणार, कारण खात्यात माणसंच नाहीत. इथं प्रशिक्षण केंद्रातही तीच तऱ्हा. आम्हाला शिकवणारे सुदर्शन सर कधीच निवृत्त झालेत, करारावर परत बोलावलंय. भिंतीवर मंजूर पदांचा तक्ता आहे, त्यात रिक्त, रिक्त आणि रिक्त. मोजणीच्या वेळी आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहायला पूर्वी खलाशी असायचे. ते पदच रद्द झालं, त्यामुळे आता आम्ही शिकाऊच आळीपाळीनं खलाशी होतो.

नवी यंत्रं दुरुस्तीला गेलीत, म्हणून सरांनी कपाटातून जुनी डंपी लेव्हल काढली. तिपाईवर बसवायची पितळी दुर्बीण, उचलताना खांदा निघतो. तिच्यात सगळं उलटं दिसतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण डोळा लावला आणि मी फिस्सकन हसलेच. जमीन वर, आभाळ खाली, आणि आमच्या बॅचचा साईनाथ पट्टी धरून वटवाघळासारखा लटकलेला!

एक गंमत राहिली. साईनाथच्या पलीकडे, मैदानाच्या टोकाला आणखी एक माणूस पट्टी धरून उभा होता. तो मात्र सुलटा दिसत होता, डोकं वर आणि पाय खाली. डोळा काढून पाहिलं तर तिथं कुणी नाही. सर म्हणाले, भिंगात बुरशी असेल. असेल बाई.

बाबांना पत्र वाचून दाखव, भिंगातला माणूस तेवढा गाळ. आणि हात सैल सोडून लिही, तुझ्या मायेत काटकसर नको.

तुझी,
तनुजा


गंगाखेड, २० जानेवारी २०२५

चि. तनुजास,
गोदा आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुळाच्या आमटीनं कुणी मरत नाही. मी तीच आमटी खाऊन त्या शहरात नोकरी केली आणि संसारही.

मायन्यात नुसतं 'आत्यास' लिहिलंस ते बरं केलंस. लग्नपत्रिका पाठवणारे माझ्या नावापाशी आले की पेन चावत बसतात. सौ. लिहावं तर नवरा कुठाय? श्रीमती लिहावं तर तो मेलाय कुठं? तुझ्या बापानं तर तिथं कोरी जागा सोडायची रीतच पाडली आहे.

तुला घरात कुणी धड सांगितलं नाही, तर आता मीच सांगते. तू पाळण्यात होतीस. तुझा मच्छिंद्र मामा, म्हणजे माझा नवरा, एका सकाळी डबा घेऊन कामावर गेला तो अजून जातोच आहे. खात्यानं विनापरवानगी गैरहजर म्हणून नाव काढलं. नारायण पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडी येऊन लोकांनी मला त्या बाईचं नावही सांगितलं, जिचा हात धरून तो गेला म्हणे. तिघांनी तीन नावं सांगितली. पुणेकर मदतीला फार तत्पर. मी वाट पाहिली, मग वाट पाहायची लाज वाटायला लागली, मग नोकरी सोडून इथं माहेरी आले. आजही तो समोर आला तर मला एकच विचारायचंय, मी असं काय केलं होतं रे?

तो खलाशी होता, तुझ्याच त्या केंद्रात. तुला तिथं पाठवू नका म्हणून मी उगाच नव्हते भांडत. आता गेलीसच तर मन लावून शीक.

आणि डंपीत सुलटं काही दिसत नसतं. मी त्याच केंद्रात नकाशे शाईनं गिरवणारी बाई, पण एवढं मलाही कळतं. चष्म्याचा नंबर तपासून घे.

माया आहेच, ती मागायला लागत नाही.

गोदा आत्या


पुणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले आणि बाबांवर रागावले. इतकी वर्षं मला प्रश्न पडायचा, मामांचं नाव काढलं की घरात भांडण का होतं.

चष्म्याचा नंबर तोच आहे. साईनाथनं दुर्बीण बुधवार पेठेत एका दुरुस्तीवाल्याकडे नेऊन भिंगं आतून साफ करून आणली. काल भर दुपारी पुन्हा लावली. आत्या, तो माणूस तिथंच आहे, आणि आता आधीपेक्षा स्वच्छ दिसतो.

खाकी सदरा, कमरेला पिवळट पंचा. पट्टी छातीशी टेकवून डाव्या हातानं धरतो. उजवा हात कानामागं नेलेला, वरून कुणी हाक मारतंय आणि त्याला नीट ऐकू येत नाही असा. बाकी सगळ्यांच्या मागं आभाळ दिसतं, याच्या मागं नुसती माती. पायापासून डोक्यापर्यंत माती.

साईनाथला पाहायला सांगितलं. त्यानं पाहिलं आणि पाणी प्यायला म्हणून गेला तो तासभर आलाच नाही. सुदर्शन सरांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग एवढंच म्हणाले की हा पंचा आपण ओळखतो, आपण इथं बदलून आलो तेव्हाचा आहे. दुर्बीण पेटीत ठेवून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

विचारू की नको, विचारू की नको करत इथवर लिहिलं. मामा पट्टी कोणत्या हातानं धरायचे गं?

घाबरलेय खूप. तुझा हात पाठीवर असू दे.

तनुजा


गंगाखेड, ९ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास,

डाव्या. उजव्या हाताचा अंगठा दारात चेंगरला होता, त्याला पकड राहिली नव्हती.

आणि तो पंचा पांढरा होता. माझ्या लोणच्याच्या हळदीत पडला आणि कितीही धुतला तरी पिवळाच राहिला. त्या सकाळी मी त्यावरूनच त्याला बोलले होते. पोरी, मला वाटायचं त्या बोलण्यावरूनच गेला.

तुझं पत्र आल्यापासून जेवण नाही. मी पाठकोऱ्या कागदावर माणूस काढला आणि कागद फिरवून पाहिला. त्या दुर्बिणीत जमिनीवर उभा असलेला माणूस उलटा दिसतो. मग जो सुलटा दिसतो तो खरा कसा असेल? डोकं खाली, पाय वर. आणि त्याच्या मागं माती, असं तूच लिहिलंस.

मैदानाच्या त्या टोकाला जुनी विहीर होती. नकाशावर तिचा गोल मीच शाईनं काढला होता. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून ती एका दिवसात दगडमाती टाकून बुजवली आणि मला नकाशातूनही काढायला सांगितली. तेव्हा शाईची रेघ ब्लेडनं खरवडून काढत. तो घरी न आल्याला तेव्हा दोन दिवस झाले होते. मी दात-ओठ खात ब्लेड चालवत होते, एवढं हाताला अजून आठवतंय. मैदानावर पट्टी राहिली म्हणून तो संध्याकाळी परत गेला होता, असं एक शिपाई बोलला होता. मी त्या बिचाऱ्याला खोटं पाडलं. आत न बघता माती लोटली असेल गं त्यांनी. त्याला वरचा आवाज ऐकू येत असेल.

नागोरावाला सगळं सांगितलं. माझा भाऊ माझ्यासमोर पहिल्यांदा रडला.

खणा. मला कळलंच पाहिजे. आणि तो सापडला तर आधी त्याला सरळ करा. डोकं वर करा त्याचं. पोलीस, पंचनामा काय असेल ते नंतर.

गोदा


पुणे, २३ मार्च २०२५

ती. ........ आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

मामा सापडले. बाबांनी तुला सांगितलंच असेल, पण माझ्या हातानंही लिहायचं होतं.

रीतसर परवानगी मागितली असती तर फाइल फिरत राहिली असती, आणि खणायला मजूर कुठून आणायचे? सुदर्शन सरांनी फळ्यावर 'प्रात्यक्षिक : मातीपरीक्षणाचा खड्डा' असं लिहिलं आणि बाह्या दुमडल्या. त्यांना एकट्याला खणू देणं आम्हाला शोभलं नसतं. सगळी बॅच उतरली. हातांना फोड आले. आधी विहिरीचं बांधलेलं तोंड लागलं, मग पट्टीचं पितळी टोक. त्याच्याशेजारी चपलांचे तळ होते, आभाळाकडे केलेले. पुढं सरांनी कुणाला हात लावू दिला नाही, पोलिसांना बोलावलं.

फौजदार आधी नाहीच म्हणाले, नियम सांगायला लागले. मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून त्यांनी टोपी काढली आणि स्वतः खाली उतरले. आत्या, तू सांगितलंस तसंच झालं. पांढऱ्या चादरीवर आधी त्यांना सरळ केलं, डोकं वर. मग सगळे कागद.

परवा सर म्हणाले, जा, बघून ये. मी दुर्बीण लावली. साईनाथ उलटा, जमीन वर, आभाळ खाली. टोकाला कुणी नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी पुन्हा पुन्हा डोळा लावून तिथंच शोधत राहिले. मग ते गेले कुठं?

तपासण्या आटोपल्या, इथले अंत्यसंस्कारही झाले. बाबा अस्थी आणि पंचा घेऊन निघालेत. मायन्यात काय लिहू ते कळेना, म्हणून मीही जागा सोडली. रागावू नकोस. आहे तेवढा जीव माझ्यावर राहू दे.

तनुजा


गंगाखेड, २८ मार्च २०२५

चि. तनुजास,
आत्याचे अ. उ. आ.

आज सकाळी नागोरावाबरोबर गोदावरीच्या घाटावर गेले. अस्थी सोडल्या. तो भटजींकडे गेला आणि मी शेवटच्या पायरीवर एकटीच बसले.

पाणी थांबलेलं होतं. वाकून पाहिलं तर पाण्यात मी उलटी, सगळी माणसं पाण्यात दिसतात तशी. माझ्या डाव्या बाजूला आणखी एकजण, तेही उलटेच. कमरेला पिवळा पंचा. हात कानामागं नव्हता, दोन्ही हात मोकळे होते.

मी मान वळवली नाही. डोळा काढून पाहिलं की कुणी नसतं, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. भीती नाही वाटली. विचारायचं होतं ते आता विचारण्यासारखं राहिलंच नव्हतं. पंच्यावरून बोलले ते मनावर घेऊ नका, एवढंच त्यांना म्हटलं. नागोराव हाक मारत आला तोवर आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

तू ट्रेनिंग पुरं कर. तीन जणींचं काम अंगावर पडलं तर पडू दे, पण खड्डा बुजवायचा हुकूम आला की आधी आत वाकून बघ आणि मोठ्यानं हाक मार. उत्तर येईतो थांब. हे तुला कोणत्या पुस्तकात मिळणार नाही.

तू सोडलेली जागा मीच भरते. लोक म्हणतील, नवरा गेल्याचं कळलं आणि बाईला आता सौ. लावायचं सुचलं. म्हणू देत. बावीस वर्षं सगळ्या गावानं मला टाकलेली म्हटलं. ते मला टाकून कुठंही गेले नव्हते. एवढं एकच पत्र मला असं लिहू दे, पुढं काय लिहायचं ते लिही.

सुट्टीला आलीस की लोणचं घालू. पंचा धुऊन दोरीवर टाकला आहे. पिवळाच आहे.

तुझी आत्या,
सौ. गोदावरी मच्छिंद्र घुगे