डाव्या हातातले कप

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. त्यातला एक मागे ठेवलाय, तो पत्राच्या शेवटी तुझी वागणूक बघून देईन.

तुझं पत्र तुझ्या आईने मला दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा सारखंच आलं, म्हणजे वाचताना तरी तिने पदरचं काही घातलेलं नाही. फोनवर बोल म्हणतेस, पण फोनवरचं बोलणं नंतर कुणी मान्य करत नाही. पत्र कसं, मला वाचता आलं नाही तरी चार जणांकडून वाचून घेता येतं.

तर मला कळलं ते असं. सुट्टीत तू साहेबांची परवानगी काढून मला कारखान्यातल्या माझ्या जुन्या बाकावर चार दिवस बसवलंस. मी नऊशे कप वाजवून चांगला कुठला आणि चिरलेला कुठला ते सांगितलं, तू प्रत्येकाचा फोटो काढलास. ते फोटो तुमच्या मशीन लर्निंगच्या वर्गात यंत्राला दाखवलेस, आणि आता ते माझ्यासारखी निवड करतं. शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर! मी एकतीस वर्षं त्या बाकावर बोटं झिजवली, आणि हे महाशय दीड महिन्यात पास.

माझा नाही बाई विश्वास बसत. मी नखाने टिचकी मारते. चांगला कप खणकतो, चिरलेला बद्द वाजतो. त्या नऊशेतल्या कितीतरी कपांची चीर मलाही दिसली नव्हती, ती चिनी मातीवरच्या चकाकीच्या आत होती. नुसता आवाज आला. फोटोला कुठला आला आवाज? मग मला कप हातात धरून जे दिसलं नाही, ते यंत्राला फोटोत कुठून दिसलं? लहानपणी तू पाढे म्हणताना माझ्या ओठांकडे बघायचीस, तसलाच काहीतरी प्रकार वाटतो.

बाकी, परवा न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट मुरगळलं, बांधून ठेवलंय. चहा तुझ्या आईच्या हातचा मिळतो, त्यात साखर असल्याची मला शंका आहे.

माझ्या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं दे. मागे ठेवलेला आशीर्वाद अर्धाच पाठवते. माया मात्र पुरी आहे.

तुझी आजी (लिहिणार तुझी आई)


ता. ९ मार्च

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. उरलेल्या अर्ध्या आशीर्वादासाठी आणखी एक.

मनगटाला जप. पाढ्यांचा विषय वीस वर्षांनी निघेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. यंत्राने कॉपी केलेली नाही. नऊशेपैकी शंभर फोटो मी आधीच बाजूला ठेवले होते, शिकवताना त्याला एकदाही दाखवले नाहीत. परीक्षा त्यांच्यावरच घेतली. म्हणजे पेपर फुटलेला नव्हता. चीर कशी दिसते म्हणशील, तर यंत्राला आपल्याला न दिसणाऱ्या बारीक छटा कळतात, असं आमचे सर सांगतात. ते खूश आहेत. वर्गात सगळ्यात चांगला आकडा माझा आहे.

अठ्ठावीस तारखेला कारखान्याचे साहेब बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर मे महिन्यात यंत्र निवडीच्या बाकावर बसेल. आता त्या बाकावर बसणाऱ्या आईच्या नखालाही जरा आराम.

चहात साखर कमी आहे ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ते मी सांगितलंय, आईने नाही. तुझा लोभ आहेच, संशय थोडा कमी कर.

तुझी भिंगरी


ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. हे कोपऱ्यावरच्या शिंप्याचं आहे. मापं लिहून लिहून त्यांचे आकडे झकास येतात, अक्षरांची हमी मी देत नाही. (हेही लिहा म्हटलं, लिहिलंय की नाही ते तूच बघ.)

मी दोन प्रश्न विचारले, तू एकाचंच उत्तर दिलंस. तू उत्तर टाळणाऱ्यातली नाहीस, उलट नको तेवढं बोलतेस. तेव्हा दुसरा प्रश्न तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. लेखणी तुझ्या आईच्या हातात होती. काय ते समज.

तर तो प्रश्न असा: यंत्र त्या बाकावर बसलं की तुझी आई कुठे बसणार?

साहेबांनी बाकावरच्या तिघींना सांगून ठेवलंय की अठ्ठावीस तारखेनंतर काय ते बघू. तुझी आई घरी येऊन चकार शब्द बोलत नाही, तुझ्या अभ्यासात खोडा नको म्हणून. हे मला तिच्या बाकावरच्या शेजारणीकडून कळलं. आता दोन्ही बाजूंनी माझीच माणसं. मी कुणावर रागवायचं?

आणि तुझी ती परीक्षा मला पटलेली नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळे समोरचा खरं वाचतोय की थापा मारतोय हे ओळखण्यात जन्म गेला. माझी रीत सोपी आहे. मला पाठ असलेलं काहीतरी नव्या माणसापुढे ठेवायचं आणि गप्प बसायचं. शिंप्यांना मी आधी तुझं जुनं पत्र वाचायला दिलं, ते पास झाले तेव्हाच हे लिहायला बसवलं.

तुझ्या यंत्राचीही तशीच परीक्षा घे. बारा कपांचे फोटो तुझ्या आईकडून काढून घेऊन तुझ्या फोनवर पाठवायला लावलेत. कुठला कप कसा ते मला पक्कं माहीत आहे. तुला सांगणार नाही.

तुझी, अजून तरी तुझ्याच बाजूची,
आजी


ता. १७ मार्च

ती. आजीस,

नमस्कार. घाईत लिहितेय.

यंत्राने बाराच्या बारा कप बाद केले. तेही अगदी ठामपणे, एकाबद्दलही चलबिचल नाही. तू मुद्दाम सगळे चिरलेले पाठवलेस ना? यंत्र फसेल असं वाटलं असेल. फसलं नाही. सरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले की अशी आजी परीक्षक म्हणून विद्यापीठाला हवी.

पण आईचं मला खरंच माहीत नव्हतं. सर म्हणतात, यंत्र मदतीला असतं, पुढचं कारखान्याने ठरवायचं. मला ते चार दिवसांपूर्वी पटलं असतं. आई, हे तूच वाचून दाखवत असशील. इतके दिवस मला का नाही सांगितलंस?

अकरा दिवस उरलेत. काय करावं कळत नाही. तुमच्या दोघींच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,

भिंगरी


ता. २१ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आज लेखणी पुन्हा तुझ्या आईच्या हातात आहे, आणि शिंपी शेजारी बसवलेत. झालं की ते मला वाचून दाखवतील. तुझ्या आईने नाक मुरडलं, पण बसू दिलं.

त्या बारांत एकही चिरलेला कप नाही. ते आपल्या फडताळातले, रोजच्या चहाचे. तुझ्या यंत्राचा निकाल ऐकून मी सगळे पुन्हा वाजवायला लावले. देवळातल्या घंटेसारखे खणकतात. पाणी भरून दिवसभर ठेवले, खाली थेंब नाही.

फोटोत काही गडबड असेल म्हणशील, तर तुझ्या आईने खिडकीपाशी उजेडात नीट काढलेत. त्रास झाला तो मला. उजवं मनगट बांधलेलं, म्हणून बारा कप डाव्या हातातच धरून दाखवावे लागले. टिचक्या तुझ्या आईने मारल्या. एकतीस वर्षांत माझ्या डाव्या हाताने चांगला कप कधी पुढे केलेला नाही, त्याला बिचाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

तुझं यंत्र काय बघतं ते शोध. मी सांगून उपयोग नाही, तुझं तुला सापडलं पाहिजे. सापडलं की लपवू नकोस, एवढंच. माया आहे म्हणून धमकी देतेय असं समज.

आजी


ता. २९ मार्च

ती. आजीस,

तुझ्या दोन्ही हातांना साष्टांग नमस्कार, डाव्याला आधी.

तुझ्या पत्रातलं ते डाव्या हाताचं वाक्य वाचलं आणि पत्र तसंच टाकून उठले. नऊशे फोटो पुन्हा उघडले. बाकावर तू कप डाव्या हातात घेतेस, उजव्या नखाने वाजवतेस. खणकला तर उजव्या हातात घेऊन उजवीकडे ठेवतेस, बद्द वाजला तर तसाच डावीकडच्या खोक्यात. मी फोटो काढायचे ते निकाल लागल्यावर, ठेवण्याआधी. प्रत्येक फोटोच्या कडेला तुझा अंगठा आलाय. चांगल्या कपाला उजवा. बाद कपाला डावा, भट्टीच्या ट्रेखाली सापडून नख वाकडं झालेला.

मग फोटोचा एकेक तुकडा झाकून यंत्राला पुन्हा विचारलं. अख्खा कप झाकला तरी त्याचं उत्तर बदलेना. अंगठा झाकला आणि ते चाचपडायला लागलं. त्याला कप कळतच नव्हते गं. ते तुझा अंगठा शिकलं होतं. बाजूला ठेवलेल्या शंभर फोटोंतही तोच अंगठा, म्हणून अठ्ठ्याण्णव. जे दोन चुकले ते तू दुसऱ्या हातात चहाचा पेला असताना उलट्या हाताने दाखवले होतेस. तुझ्या ओठांकडे बघून पाढे म्हणणारी मी, आणि माझं यंत्रही तसंच.

सरांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं की हे आणखी कुणाला बोललीस का. त्या प्रश्नाने माझं मन फार खट्टू झालं. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की साहेबांसमोर तूच सांग. काल मी साहेबांना एक चांगला कप दिला आणि डाव्या हातात धरायला सांगून वर माझाच अंगठा ठेवून फोटो काढला. यंत्राला माझा अंगठा ओळखता येईना, त्यामुळे कपही ओळखता येईना. साहेब चिडून गेले. मे महिन्यात काही बसणार नाही. माझा आकडा आता वर्गात सगळ्यात खालचा आहे. नव्याने करायला सरांनी जूनपर्यंत वेळ दिलाय.

आता खरी गोष्ट. या वेळी फोटो नाही, टिचकीचा आवाज यंत्राला ऐकवायचा असं माझ्या डोक्यात आहे. ते चाललं तर खरोखरच चालेल. म्हणून विचारते. आई, करू का? तू नको म्हणालीस तर दुसरा विषय घेईन, सरांना कारण सांगणार नाही.

वाट बघणारी,
भिंगरी


ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस,

पूर्ण आशीर्वाद, कापाकापी न केलेला. सगळ्यात खालचा आकडा माझ्याकडून फडताळात मानाने ठेवलाय.

मनगट बरं आहे. चहात साखर अजून नाही, त्याचा तपास चालू आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही. बाक आता तिचं आहे. मी उठून फडताळाकडे जाते, तिला काय लिहायचं ते लिहू दे. नंतर शिंप्यांकडून वाचून घेईनच.

आजी

ता. क. हे माझं, आईचं. तुझ्या आजींचा तो प्रश्न मी पहिल्या पत्रातून गाळला. तुला तोंडावर हो-नाही करावं लागू नये म्हणून. चुकलंच. आता उत्तर मीच देते: यंत्र बसलं की मी त्याच्या शेजारी बसेन. ते काय ऐकून निवड करतंय यावर लक्ष ठेवायला खणखणीत कप ओळखणारं माणूस लागेल, हे तूच साहेबांना दाखवून दिलंस. तेव्हा कर. पण तुला हजारभर टिचक्या लागणार, आणि त्या मारणाऱ्या आम्ही तिघीच. काल दोघींशी बोलले. आमची तिघींची जागा बाकावर कायम राहील असं साहेबांनी लिहून दिल्याशिवाय एकही टिचकी वाजणार नाही. तसं त्यांना सांगून आले. ते म्हणाले, सोमवारी देतो.

मला वाचता येतं, तरी आजी म्हणतात, सोमवारी कागद आला की शिंप्यांकडूनही एकदा वाचून घेऊ.