ओपलने एकटीने केलेली चढाई

कॅलोवे बेंड, नदीचा उत्तर काठ
(तारीख घालत नाही. कोच म्हणतो, तारीख हीसुद्धा लष्करी माहिती आहे.)

प्रिय अर्डिस मावशी,

नदीच्या चुकीच्या काठावरून वाकून नमस्कार. (चुकीचा काठ हे तुमच्या रेडिओचं म्हणणं. आमच्या रेडिओच्या मते चुकीचा काठ तुझा. नमस्कार दोन्हीकडे चालावा.) तुझे गुडघे कसे आहेत? पियानो अजून सुरात आहे का, की तोही तुमच्या लोकांनी आघाडीवर नेला? मी बरा आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि दर गुरुवारी पेपर काढतो. बरं असण्याचं आमच्याकडचं माप सध्या एवढंच आहे. हे पत्र याकोब योडरच्या हाती देतो आहे. तो आमिश पंथाचा माणूस. लढाईत नाही, राजकारणात नाही, आणि त्याच्या घोडागाडीला दोन्हीकडचे पहारेकरी वाट देतात, कारण अंडी दोन्हीकडच्यांना लागतात. खालच्या धक्क्यावरून तराफ्याने तो पलीकडे येईल. अंडी उतरवून घेताना पेंढा चाचपून बघ.

आईच्या दफनाला तू पलीकडच्या काठावर हातात काचेचं झाकणाचं भांडं घेऊन उभी होतीस, ते मी दुर्बिणीतून पाहिलं. इकडे चर्चच्या बायकांनी रीतीप्रमाणे बटाट्याचे आणि नूडल्सचे भाजलेले पदार्थ आणून टेबल भरून टाकलं होतं, पण मला सगळा वेळ तुझ्या भांड्यात काय असेल हेच वाटत राहिलं. सख्ख्या बहिणीला माती द्यायला पाव मैलाचा पूल ओलांडता येत नाही, हा आपला देश. यावर मी अग्रलेख लिहायला बसलो होतो. दोन ओळींनंतर उठलो, आणि त्या दिवशी परत बसलो नाही.

तर मुख्य गोष्ट. आमची ओपल तुझ्या लेकाच्या, डेलबर्टच्या ताब्यात आहे. ओपल म्हणजे आमच्या ‘बेंड गॅझेट’ची फोटोग्राफर. तुला आठवत असेल, तुझ्या साठीच्या पार्टीत केक कापताना सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना जिने फोटो काढला तीच. आता तिची सत्तरी जवळ आलीय, कानाला यंत्र आहे आणि हृदयासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी आहे. गोळ्यांचा डबा माझ्या टेबलाच्या खणात राहिला आणि ती तिकडे गेली. हे कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या रेडिओवर जे सांगितलं ते खोटं आहे. आमच्या रेडिओवर जे सांगितलं तेही खोटं आहे, पण ते जरा जास्त जोशात सांगितलं.

आमच्या बाजूचा सेनापती कोच रस्क. तोच, शाळेच्या फुटबॉल संघाचा. मोठमोठे अधिकारी राजधानीच्या दिशेने गेले ते गेलेच. (राजधानीत हल्ली कोण बसलंय हे विचारू नकोस. मी वार्ताहर आहे आणि मलाही ठाऊक नाही.) मग उरलेल्या पोरांना रांगेत उभं करता येईल असा गावात एकच माणूस होता. वीस-पंचवीस वर्षं दर सामन्याच्या आधी मंगळवारी कोच माझ्याकडे यायचा, खुर्ची उलटी फिरवून बसायचा आणि या शुक्रवारी आपण समोरच्यांना कसं लोळवणार ते सांगायचा. ते मी गुरुवारच्या अंकात छापायचो. ही आमच्याकडची रीतच आहे. तर परवाच्या एका मंगळवारी तो आला, खुर्ची उलटी फिरवली आणि म्हणाला, “लिही वेंडल. रविवारी सकाळी, ते चर्चमध्ये असताना, आम्ही पूल ओलांडणार. धुऊन काढणार त्यांना!” मी लिहून घेतलं. आता तू म्हणशील, अरे गाढवा, लढाईचा बेत पेपरात छापतात का? मावशी, त्या क्षणी आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. कचेरीतली बाई कॉफी ओतत होती, खिडकीबाहेर नेहमीसारखा कचऱ्याचा ट्रक चालला होता, आणि तो मंगळवार होता.

इथवर एक वेळ ठीक. पण आमच्या कचेरीत जुन्या मालकांनी स्वतः रंगवलेली एक पाटी आहे. ‘दुसऱ्या बाजूला विचारलंस का?’ त्या पाटीखाली मी सगळी हयात काढली. मेयरने डांबराचे पैसे खाल्ले की मेयरला विचारायचं. कुत्रा चावला की कुत्र्याच्या मालकाला विचारायचं. तेव्हा मी फोन उचलला आणि तुमच्या बाजूच्या प्रमुखाला, म्हणजे तुझ्या डेलबर्टला, लावला. म्हटलं, डेलबर्ट, रविवारी सकाळी तुमच्यावर हल्ला होणार आहे अशी बातमी आहे, तुमची प्रतिक्रिया? पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणतो, “कधीपर्यंत हवी?” मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत. (एवढ्या वर्षांत मला वेळेत प्रतिक्रिया देणारा तो पहिला माणूस. तू त्याला शिस्त चांगली लावलीस.) दुसऱ्या दिवशी त्याने लिहून ठेवलेलं फोनवर वाचून दाखवलं. आमची तयारी पूर्ण आहे, येऊ द्या, मैदानात भेटू. तो आमच्या विरुद्धच्या शाळेकडून खेळायचा, हे तुला सांगायला नको.

गुरुवारी अंक निघाला. डावीकडे कोच, उजवीकडे डेलबर्ट, मधोमध पुलाचा फोटो. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी जागा. जुने मालक असते तर पाठ थोपटली असती. अंक तुमच्याकडे अंड्यांबरोबर गेला. मग झालं असं की, कोचने उजवी बाजू वाचली. त्यांची तयारी पूर्ण आहे हे वाचून त्याने चढाई रद्द केली, आणि लाज वाटून तोंडी फक्त आपल्या पोरांना कळवलं. तिकडे डेलबर्टने डावी बाजू वाचली आणि आपली सगळी माणसं पुलावरून उठवून टेकडीमागे नेली. त्या फोननंतर दोन्ही बाजूंनी टेलिफोनच्या तारा कापल्या. या लढाईत दोघांनी एकमताने केलेलं एवढं एकच काम.

रविवारी सकाळी मी आमच्या चर्चमध्ये डोकावलो, तर अख्खं सैन्य पुढच्या बाकांवर बसून स्तोत्र गात होतं. ओपल पुलावर गेली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पेपरात लढाई छापून आली आहे म्हणजे लढाई होणार, आणि लढाई होणार म्हणजे फोटो हवा, एवढा साधा तिचा हिशेब. मी धावत पुलाच्या तोंडाशी गेलो. ओपल मध्यावर पोचली होती. अंगात हरणाच्या शिकारीला घालतात तसलं भडक नारिंगी जाकीट, पाठीवर मी चिकटपट्टीने लिहिलेलं ‘पत्रकार’, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. पण तोफांचा आवाज सोसणार नाही म्हणून तिने कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. ती थांबायची, रिकाम्या पुलाचा फोटो काढायची, लढाई आणखी पुढे असेल असं समजून पुढे जायची. अशी ती पार पलीकडे पोचली. टेकडीवरून तुमची दोन माणसं बंदुका रोखून खाली आली. तिने त्यांना नीट उभं करून त्यांचाही फोटो काढला, हे मी दुर्बिणीतून पाहिलं.

दुपारी तुमच्या रेडिओने सांगितलं, शत्रूची चढाई परतवली, कैदी हाती लागले. आमच्या रेडिओने सांगितलं, आमची आघाडीची तुकडी पूल ओलांडून पलीकडे पोचली. मावशी, दोन्ही बातम्या ओपलच्याच. गावात मिरवणूक निघाली. कोचच्या गळ्यात हार पडला आणि त्याने तो घालूनही घेतला. मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं, कोच, ती म्हातारी सोडवून आणायला हवी. तो म्हणाला, “सोडवून? आपण जिंकलोय रे! जिंकलेल्यांची माणसं कैदेत नसतात. तिला परत मागितलं तर लोकांना काय सांगू?” याकोबमार्फत डेलबर्टला विचारलं, तर त्याचा निरोप असा की सोडायला त्याची हरकत नाही, पण हल्ला झाला याचा त्याच्याकडे तेवढा एकच पुरावा आहे. पुरावा सोडला तर हल्ला गेला, आणि हल्ला गेला तर त्याचं पदक गेलं.

मी खुलासा छापायचं ठरवलं. दुसऱ्या पानावर खाली आमचा चुकीच्या दुरुस्तीचा चौकोन असतो. एरवी त्यात कुणाच्या नावातली चूक नाहीतर केक बनवायच्या कृतीत साखर राहिली असं काहीतरी असतं. त्यात लिहिलं, रविवारी लढाई झाली नाही, एक बाई चालत गेली. मग पाटीकडे पाहिलं आणि दोन्ही बाजूंना विचारलं. कोच म्हणाला, साफ खोटं. डेलबर्टचा निरोप, साफ खोटं. आता दोन्ही बाजू एकमताने एक सांगतात, आणि खरं जे घडलं त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही. होती ती एकटी, आणि ती तुमच्या गावच्या, चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या त्या बोलिंगच्या हॉलमध्ये कोंडलेली. चौकोन कोरा सोडून अंक काढला. लोकांना वाटलं शाई संपली.

मी फार थकलो आहे, मावशी. पूर्वी वाटायचं, आपण नुसतं पाहून लिहिलं की पुरे, लोक वाचतील आणि शहाणे होतील. लोक वाचतात. अगदी मन लावून वाचतात. डावीकडचे उजवी बाजू वाचून घाबरतात, उजवीकडचे डावी बाजू वाचून बंदुका पुसतात, आणि शहाणं कुणी होत नाही. संध्याकाळी मी कचेरीत ओपलच्या खुर्चीकडे बघत बसतो. ती पाठीला टेकायची ती उशी तशीच आहे. सगळ्या घरादाराला माझा नमस्कार. डेलबर्टलाही, कारण तो माझा मावसभाऊ आहे आणि लहानपणी त्याने मला याच नदीत बुडताना वाचवलं होतं.

तुझा,
वेंडल

ता. क. अंड्यांखाली पेंढ्यात ओपलच्या गोळ्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. डेलबर्टच्या हाती देऊ नकोस, तो पुरावा म्हणून ठेवून घेईल. स्वतः जाऊन दे.

ता. ता. क. खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठी लिहिलं. डेलबर्टला कैदीच हवा असेल तर मी येतो. येत्या रविवारी चर्चच्या वेळी पुलावरून हात वर करून चालत येईन. मी ओपलपेक्षा वजनदार आहे, पुरावा म्हणून जास्त भरीव दिसेन. मला आत घ्या आणि तिला घरी पाठवा. एवढं त्याच्याकडून कबूल करून घे.

आणखी एक. वरचं लिहिल्यावर सवयीने पाटीकडे लक्ष गेलं, आणि मी जाऊन कोचला विचारलं, मी रविवारी शरण जाणार आहे, तुमची प्रतिक्रिया? मावशी, त्याचे डोळे चमकले. म्हणतो, “शाबास! तू पुढे चाल, आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो. या खेपेला ते हात वर केलेल्या माणसाकडे बघत राहतील!” फळ्यावर खडूने बाणसुद्धा काढून झाले. मी न जाऊन आता उपयोग नाही. मी गेलो नाही तरी तो येणार. डेलबर्टला सांगू नकोस. सांगितलंस तर या वेळी तो टेकडीमागे जाणार नाही. नाही सांगितलंस तर तो पुलावर बेसावध असेल. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि दोन्हीकडे माणसं मरतात.

शेवटचं सांगतो, तिकडे याकोब घोडा जुंपतोय. रविवारी तू स्वतः पुलावर ये. पुलाच्या मधोमध, बागेतली घडीची खुर्ची टाकून, विणकाम घेऊन बस. ती लाकडी पट्टीही आण. दोन्हीकडची निम्मी पोरं तुझ्याकडे पियानो शिकली आहेत. तुझं नाव काढलं की कोच अजून बोटं खिशात घालतो, आणि डेलबर्ट आईवर गोळी झाडणार नाही एवढा मला भरवसा आहे. (एवढाच आहे.) मी तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसेन. पुलावर वारा असतो, शाल आण.

याकोब गेल्या खेपेला बोलिंगच्या हॉलवर अंडी द्यायला गेला होता. त्याला ओपल दिसली नाही. त्याआधीच्या खेपेला दिसली होती, कॉफी पांचट आहे म्हणून भांडत होती. त्याने कुणाला विचारलं नाही, तो विचारणारा माणूस नाही. तू विचार, आणि याकोबजवळ एका शब्दात कळव. मी माझी खुर्ची आणतोच आहे. ओपलसाठी आणखी एक आणू की नको?