शेवटच्या साडीची तजवीज

मी, चतुराबाई नारायण दळवी, वय एकाहत्तर, राहणार कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली, कुणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके बराबर आहे.

हळदीचे रान व राहते घर मुलगा हरीश याला मिळावे. त्यावर वाद नाही.

माझे कपाट व त्यातील साड्या सून निता हिला. या कपाटाची हकीकत सांगणे जरूर आहे. माझ्या यजमानांच्या दुखवट्यात माझा भाऊ माणिकराव याने रीतीप्रमाणे मला साडी नेसवली. तिच्या घडीवर कुंकवाचे बोट होते. ते माझेच. त्याच्या वास्तुशांतीला मीच ती साडी कुंकू लावून भावजयीला दिली होती. आहेरात आलेली साडी तशीच पुढे सरकवायची, हे आमच्याकडे सगळेच करतात. पण त्या दिवशी ती माझ्याकडे यायला नको होती. मला फार लागले.

मग आहेराच्या साड्यांची पेटी मी वाटून टाकली. आधी स्वतःच्या मापाची पोलकी शिवून घेतली. तोवर दुसऱ्यांचीच टाचून वापरत होते. नंतर रोजच्यासाठी सुती साड्या घेतल्या. पुढे दर हंगामात, हळद विकली की वसमतहून एक, पदर हाताने चोळून पाहून, मला शोभेल त्या रंगाची. निता म्हणायची, "आत्याबाई, ह्या वयात काहून हौस करून राहिल्या?" आता तीच माझ्या साड्या मागून नेसते, म्हणून कपाट तिला. त्यातली एकही तिने आहेरात देऊ नये, ही अट.

मी गेल्यावर अंगावर माहेरची साडी पडेल. ती रीत मोडू नये. इतरांनी आणलेल्या साड्या वरून पांघरू नयेत. माहेरची म्हणून नेसवायची जांभळी इरकल साडी मी स्वतः निवडून, घडीवर कुंकू लावून, संक्रांतीला माणिकरावाच्या घरी देऊन आले आहे. विधवेने कुंकवाला हात लावला म्हणून कुणी बोलू नये. माणिकराव घडीकडे बघत बसला. म्हणाला, "अक्का, तुला तवाच कळलं व्हतं?"

मी म्हटले, "व्हय. ही तेवढी पुढं देऊ नको."

वाचून, समजून सही केली.
चतुराबाई नारायण दळवी
कुरुंदा, दि. ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१) रामप्रसाद किसनराव बोखारे, शेजारी
२) माणिकराव गणपतराव कदम, भाऊ. साडी माझ्याजवळ हाय. कुणाला दिली न्हाई.